आपल्या माणसांची पुस्तके : शोधावीत, वाचावीत, जपावीत



पुस्तक एकदा छापून झाले की ते कायमचे टिकले, असे आपण सहसा समजतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभीचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. तेथील लोकांची भाषा त्यांनी आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली गोव्यातील राशोल येथे ते छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. चाळीस वर्षांच्या आत तीन आवृत्त्या हे भाग्य आजही थोड्याच मराठी पुस्तकांच्या वाट्याला येते. असे असूनही ह्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज अस्तित्वात असल्याचे आढळलेले नाही.

मग हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला कसा? त्याचे श्रेय भाविकांच्या घरांना आहे. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी आपली भाषा सोडावी व तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा अंगीकारावी, असा हुकूम दिला. अशा प्रतिकूल काळात लोकांनी ‘ख्रिस्तपुराणा’च्या हाताने नकला करून घेतल्या. गोव्यातून दक्षिणेकडे मंगळूर परिसरात स्थलांतरित झालेल्या कुटुंबांनी ती हस्तलिखिते जपून ठेवली व ती मोठ्याने वाचण्याची परंपरा चालू ठेवली. अशी निरनिराळी हस्तलिखिते ताडून पाहून जोसेफ सालढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूर येथून हा ग्रंथ रोमन लिपीत पुन्हा छापला. १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनाखाली तो देवनागरीत आला आणि महाराष्ट्रातील सामान्य वाचकाला उघडून वाचता येऊ लागला.

छापखान्याने जे दिले ते काळाने नेले आणि जे उरले ते वाचकांनी राखलेले होते. आपल्या समाजातील लेखकांच्या पुस्तकांविषयी विचार करताना हीच गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. लेखक पुस्तक लिहितो, मुद्रक ते छापतो. पण त्याचे आयुष्य किती, हे त्याच्या आसपासचा समाज ठरवतो. म्हणूनच आपल्या परिसरातील लेखकांची पुस्तके कशी शोधावीत आणि त्यांना आधार कसा द्यावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विचारणारा कोणी असला, तर

‘स्थानिक लेखक’ म्हटले की पुरस्कार मिळालेला किंवा वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आलेला मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तो अगदी साध्या वेषात आपल्यामध्ये वावरत असतो. निवृत्त शिक्षक, परिचारिका, धर्मशिक्षक, भजनी मंडळातील पेटीवादक, नातवंडांना गोष्टी सांगणारी आजी, ह्यांपैकी कोणीही लेखक असू शकेल.

लक्ष्मीबाई टिळक ह्यांचेच उदाहरण घ्या. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण मिळालेले नव्हते. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. कवी नारायण वामन टिळक ह्यांच्या निधनानंतर त्यांचे चिरंजीव देवदत्त हे वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या विचारात होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढावयास सांगितले. त्या आठवणींतून ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र जन्मास आले. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध झाले आणि मराठीतील अत्यंत श्रेष्ठ आत्मचरित्रांत आज त्याची गणना होते. टिळकांनी अपुरे सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले आणि १९३३ साली नागपूर येथे भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले.

लक्ष्मीबाईंची प्रतिभा थोर होती, ह्यात शंका नाही. तथापि घरातील एका माणसाने “आई, तू लिही” असे म्हटले नसते, तर ती प्रतिभा कागदावर उतरली असती का? पुस्तक शोधण्याची पहिली पायरी म्हणजे पुस्तकांचे दुकान नव्हे. आपल्या घरातील व शेजारच्या माणसाला “तुम्ही काही लिहिले आहे का? मला वाचावयास द्याल का?” असे विचारणे, ही ती पायरी आहे.

नियतकालिकांनी घडविलेले लेखक

लेखकाला पहिले पुस्तक निघेपर्यंत लिहिते ठेवण्याचे काम नियतकालिके करीत असतात. जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग, जे पुढे पुण्याचे महागुरुस्वामी झाले, त्यांनी १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यातील (आजचा अहिल्यानगर जिल्हा) केंदळ ह्या खेड्यातून ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. एका आडवळणाच्या गावातून निघालेल्या ह्या मासिकाने एक शतकाहून अधिक काळ मराठी कॅथोलिक कुटुंबांना वाचनाची व लेखनाची गोडी लावली. त्याही पूर्वी, १८४२ साली, अहमदनगर येथूनच प्रॉटेस्टंट बांधवांचे ‘ज्ञानोदय’ सुरू झाले होते.

वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाची कथा आपल्या आठवणीतील आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी १९८३ ते २००७ ह्या काळात त्याचे संपादन केले. एका धर्मप्रांताच्या मासिकातून आपली लेखणी चालविणारा हा धर्मगुरू जानेवारी २०२० मध्ये आपल्याच मराठवाड्यात, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. ह्या पदाचा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती साहित्यिक होत. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले. त्यांचे अध्यक्षपद साऱ्या महाराष्ट्राला दिसले. परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे महिन्यामागून महिने वर्गणी भरून त्यांचे लेखन वाचणारी वसईची कुटुंबे सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. लेखक घडविण्यात त्या वर्गणीदारांचाही वाटा आहे.

आपल्या शहराजवळही असे एक मोठे उदाहरण आहे. प्रा. गंगाधर पानतावणे ह्यांनी १९६७ च्या सुमारास औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभे केले. ज्यांचे लेखन अन्यत्र सहज छापले जात नव्हते अशा दलित लेखकांना त्याने व्यासपीठ दिले आणि लेखक-वाचक मेळावे भरवून लिहिणारा व वाचणारा ह्यांना समोरासमोर आणले. पाहता पाहता त्यातून मराठी साहित्याचा एक नवा प्रवाह बळकट झाला. २०१८ साली पानतावणे ह्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ‘लेखक-वाचक मेळावा’ ह्या नावातच आपल्यासाठी बोध आहे. केवळ लेखकांचे संमेलन भरवून साहित्य वाढत नाही. त्यात वाचकालाही मानाचे आसन लागते.

पडेगावात पुस्तके कोठे शोधावीत?

छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागले की पडेगाव येते. शहराच्या कडेला वाढलेल्या अशा वस्त्यांत निरनिराळ्या खेड्यांतून कुटुंबे आलेली असतात. येताना त्यांनी आपापल्या गावची गाणी, कीर्तने, नाटके व आठवणी बरोबर आणलेल्या असतात. कधी डोक्यात, कधी वहीत, तर कधी पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवलेल्या एखाद्या जीर्ण पुस्तिकेत. घर बदलताना, किंवा वडीलधारी व्यक्ती निवर्तल्यानंतर खोली आवरताना, हाच ठेवा रद्दीवाल्याच्या तराजूत जातो. म्हणून शोधाचा आरंभ आपल्या घरापासून करावा.

पुढील गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

भजने व गीते ह्यांच्या वह्या : एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट घालून दिली. तेव्हापासून आपल्याकडे गाणारी मंडळी स्वतः रचनाही करीत आली आहेत. अनेक चर्चमध्ये गायिली जाणारी गीते कोणी रचली, हे गाणाऱ्यांनाही ठाऊक नसते. वही मिळाली तर रचनाकाराचे नाव, गाव व अंदाजे वर्ष आजच विचारून टिपून ठेवावे.

स्मरणिका : चर्चचा रौप्यमहोत्सव किंवा सुवर्णमहोत्सव, शाळेचा वर्धापनदिन, धर्मगुरूंच्या गुरुदीक्षेचा महोत्सव अशा प्रसंगी स्मरणिका निघतात. जाहिरातींची पाने उलटल्यावर त्यांत गावाचा, पहिल्या कुटुंबांचा व जुन्या शिक्षकांचा इतिहास सापडतो. हा मजकूर बहुधा अन्यत्र कोठेही नसतो.

नाटके : नाताळ व उपवासकाळात सादर होणाऱ्या नाटकांच्या संहिता एखाद्याच प्रतीत असतात. प्रयोग झाला की ती प्रत कोणाच्या तरी पिशवीत राहून जाते.

स्वखर्चाने काढलेली पुस्तके : कवितासंग्रह, आत्मकथने, प्रवासवर्णने व चिंतनपर पुस्तिका लेखक पदरमोड करून छापतात. ही पुस्तके मोठ्या दुकानांत नसतात. ती लेखकाच्या घरीच असतात.

प्रबंध : आपल्या समाजातील काही अभ्यासकांनी विद्यापीठात संशोधन केलेले असते. अनेक विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ ह्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. गावाचे, मिशनचे किंवा समाजाचे नाव घालून तेथे शोध घेता येतो.

घराबाहेर पडल्यावर शहरातील सार्वजनिक ग्रंथालये, विद्यापीठाचे ग्रंथालय व मराठवाडा साहित्य परिषद ही शोधाची ठिकाणे आहेत. शासनाचे ग्रंथोत्सव जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. तेथे लहान प्रकाशकही दालन मांडतात. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘पुस्तकांचं गाव’ ह्या उपक्रमाचा पुढे विस्तार करताना शासनाने ज्या गावांची निवड केली, त्यांत आपल्या जिल्ह्यातील वेरूळही आहे. मतमाउलीच्या यात्रेसाठी हरेगावला जाणारे भाविक तेथे मेणबत्त्या व जपमाळा घेतात. पुस्तके मांडून बसलेला कोणी दिसला तर क्षणभर तेथेही थांबावे.

आधार म्हणजे नेमके काय?

पहिला आधार म्हणजे पुस्तक विकत घेणे. ओळखीच्या लेखकाकडून ‘सप्रेम भेट’ मिळेल, अशी अपेक्षा आपल्याकडे सर्रास केली जाते. त्यात प्रेम नसते असे नाही. परंतु त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. समजा, एका निवृत्त शिक्षकाने ३०० प्रती छापल्या आणि प्रत्येक प्रतीस १०० रुपये खर्च आला. त्याचे ३०,००० रुपये गुंतले. पुस्तकाची किंमत १५० रुपये ठेवली, तर २०० प्रती रोख विकल्या गेल्यावरच त्याचा खर्च निघतो. दुकानदारामार्फत विक्री केल्यास कमिशन वजा जाते आणि हा आकडा आणखी वाढतो. आता प्रत्येक परिचिताने भेट-प्रतीची वाट पाहिली, तर पहिल्या पुस्तकाबरोबरच त्या लेखकाचे लेखन संपते. उलट, दोनशे कुटुंबांच्या धर्मग्रामात प्रत्येक घराने एक प्रत घेतली, तर तो दुसरे पुस्तक लिहावयास बसू शकतो. एका घराला हा भार वर्षातून एकदा दीडशे रुपयांचा आहे.

दुसरा आधार म्हणजे पुस्तक वाचणे. विकत घेऊन कपाटात ठेवलेले पुस्तक लेखकाच्या खिशाला उपयोगी पडते, मनाला नाही. पुस्तक वाचून झाल्यावर लेखकास चार ओळींचे पत्र लिहावे, अथवा भेटून सांगावे. काय आवडले ते सांगावे, त्याचप्रमाणे काय कळले नाही तेही सांगावे. आपला माणूस म्हणून दोषांवर पांघरूण घालणे हा खरा आधार नव्हे. शुद्धलेखनाच्या चुका, ऐकीव माहिती, लांबलेली वर्णने ह्यांविषयी आपुलकीने बोलणारा वाचक लेखकाला हवा असतो. त्याहून उत्तम म्हणजे छपाईपूर्वी हस्तलिखित वाचून देणारे दोन-तीन जाणकार धर्मग्रामात असावेत. मराठीचे शिक्षक ही सेवा सहज करू शकतात.

तिसरा आधार म्हणजे पुस्तकाला वाचकांपर्यंत नेणे. पहिला ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, विवाह, गृहप्रवेश अशा प्रसंगी आपण भिंतीवरील घड्याळे व शोभेच्या वस्तू देतो. त्यांबरोबर एखादे पुस्तक द्यावे. लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत महिन्यातून एकदा दहा मिनिटे एखाद्या स्थानिक पुस्तकातील पाने मोठ्याने वाचावीत. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही किंवा वाचता येत नाही, तेही अशा रीतीने वाचक होतात. ‘ख्रिस्तपुराण’ ह्याच मार्गाने लोकांच्या ओठी टिकले होते.

चौथा आधार सार्वजनिक ग्रंथालयाचा. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांचे मोठे जाळे उभे आहे. आपण सभासद असलेल्या ग्रंथालयात पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक व किंमत लिहून मागणी नोंदवावी. सभासदांनी मागितलेल्या पुस्तकाकडे ग्रंथपालाचे लक्ष जाते. ग्रंथालयात ठेवलेले आपल्या लेखकाचे पुस्तक इतर समाजांतील वाचकांच्याही हाती पडते आणि त्यातून परस्परांची ओळख वाढते. बाबा पदमनजी ह्यांची १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. त्या काळातील हिंदू विधवांची दुःखे हा तिचा विषय होता. आपल्या लेखकांनी साऱ्या समाजाकडे पाहून लिहिले, तेव्हा साऱ्या मराठीने त्यांना आपले म्हटले.

लेखकांसाठी काही व्यावहारिक सूचना

जे बंधू-भगिनी पुस्तक काढण्याच्या विचारात आहेत, त्यांनी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

पुस्तकावर लेखक, प्रकाशक, मुद्रक, वर्ष, आवृत्ती, किंमत व संपर्काचा पत्ता अवश्य छापावा. वर्ष न छापलेली पुस्तके पुढील अभ्यासकांना फार अडचणीत टाकतात.

पुस्तकासाठी आयएसबीएन क्रमांक घ्यावा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत विनामूल्य मिळतो. स्वतःचे पुस्तक स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकालाही त्यासाठी अर्ज करता येतो. हा क्रमांक असल्यास ग्रंथालये व विक्रेते ह्यांना पुस्तकाची नोंद करणे सोपे जाते.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांस प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावयाची असते. स्वतःच प्रकाशक झालेल्या लेखकांना हा नियम बहुधा ठाऊक नसतो. चार प्रतींचा हा खर्च वाया जात नाही. घरातील प्रती नष्ट झाल्या तरी पुस्तक देशाच्या संग्रहात राहते.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. अर्जाची मुदत व अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात. दूरच्या वाचकांना पुस्तके पाठविण्यासाठी टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ ही सवलतीची सेवा १ मे २०२५ पासून सुरू झाली आहे.

ख्रिस्तसभेच्या नियमांविषयीही काही गैरसमज आढळतात. कविता, कादंबरी, आत्मकथन किंवा गावाचा इतिहास लिहिण्यासाठी प्रापंचिक लेखकाला धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही. मात्र प्रार्थनापुस्तके, धर्मशिक्षणाची पुस्तके आणि पवित्र शास्त्राची भाषांतरे ह्यांना १९८३ च्या धर्मसंहितेनुसार मान्यता घ्यावी लागते. तसेच श्रद्धा व नीती ह्या विषयांवरील पुस्तके मान्यतेशिवाय चर्चमध्ये मांडता, विकता किंवा वाटता येत नाहीत. त्यामुळे चर्चमध्ये पुस्तकविक्री करावयाची असल्यास आधी आपल्या धर्मगुरूंना पुस्तक दाखवावे. ही अट लेखकाला अडविण्यासाठी नाही. चर्चमध्ये हाती पडलेले पुस्तक भाविक विश्वासाने घेतात, त्या विश्वासाची ती राखण आहे.

जुने कागद कसे जपावेत?

जीर्ण वही किंवा पुस्तिका सापडली तर तिला चिकटपट्टी लावू नये व तिचे लॅमिनेशन करू नये. दोन्हींनी कागदाची कायमची हानी होते. धूळ मऊ ब्रशने झाडून वही स्वच्छ सुती कापडात गुंडाळावी आणि ओल व वाळवी ह्यांपासून दूर, जमिनीपासून उंचावर ठेवावी. दिवसाच्या उजेडात भ्रमणध्वनीने प्रत्येक पानाचे सरळ छायाचित्र घ्यावे. मुखपृष्ठ व मागील पान वगळू नये. छायाचित्रांचा एक संच घरी व दुसरा विश्वासू व्यक्तीकडे ठेवावा.

येथे एक मर्यादा पाळावयास हवी. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे असतो. म्हणून जपण्यासाठी छायाचित्र घेणे वेगळे आणि संपूर्ण पुस्तक व्हॉट्सअॅपवर सर्वांना पाठवून देणे वेगळे. हयात लेखकाचे पुस्तक अशा रीतीने फुकट वाटल्यास त्याच्या उरलेल्या प्रती घरातच पडून राहतात. कुटुंबीयांची संमती घेऊन मगच असे साहित्य प्रसृत करावे.

वाचन हे श्रद्धेच्या आड येते काय?

“बायबल व प्रार्थनापुस्तक असताना कथा-कवितांची गरज काय?” असा प्रश्न काही भाविक मनापासून विचारतात. पोप फ्रान्सिस ह्यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्याच्या महत्त्वाविषयी एक स्वतंत्र पत्र लिहिले. आरंभी ते धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी योजलेले होते. पुढे त्यांनी ते सर्व ख्रिस्ती जनांना उद्देशून व्यापक केले. तरुणपणी त्यांनी अर्जेंटिनातील सांता फे येथील शाळेत साहित्य शिकविले होते आणि त्या अनुभवाचा उल्लेखही पत्रात आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावयास व दुसऱ्याचे दुःख ऐकावयास साहित्य शिकविते, हा त्या पत्राचा गाभा आहे. शेजाऱ्यावर प्रीती करावयाची तर त्याचे म्हणणे ऐकावे लागते. आपल्याच वस्तीतील माणसाने लिहिलेले पुस्तक वाचणे म्हणजे शेजाऱ्याचे म्हणणे शांतपणे व पूर्णपणे ऐकून घेणे होय.

ह्यात आणखीही एक गोष्ट गुंतलेली आहे. मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसाचे जीवन कसे होते, ह्याविषयी परदेशी मिशनऱ्यांनी आपापल्या मायदेशी अहवाल पाठविले. ते त्यांच्या संस्थांच्या दप्तरांत जपले गेले. परंतु बाप्तिस्मा घेतलेल्या शेतमजुराला, दुष्काळात मुले जगविणाऱ्या आईला, पायी गावोगाव हिंडणाऱ्या धर्मशिक्षकाला काय वाटले, हे त्यांची मुले-नातवंडेच लिहू शकतात. ज्यांनी ह्या आठवणी प्रत्यक्ष ऐकल्या ती पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांपैकी एखाद्याच्या अंत्यविधीला जाताना आपण फुलांचा हार नेतो. त्यांच्या हयातीत त्यांच्याकडून एक वही भरून घेतली, तर तो सन्मान अधिक काळ टिकेल.

आपल्या धर्मग्रामासाठी एक प्रस्ताव

शेवटी एक लहानसा प्रस्ताव मांडावासा वाटतो. प्रत्येक धर्मग्रामात एक नोंदवही ठेवावी. आपल्या परिसरातील व्यक्तींनी लिहिलेली पुस्तके, पुस्तिका, स्मरणिका, गीतांच्या वह्या व नाटके ह्यांची नोंद तीत करावी : लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव, वर्ष आणि सध्या प्रत कोणाकडे आहे, एवढी माहिती पुरेशी आहे. हे काम दृढीकरणाच्या तयारीतील मुलामुलींकडे सोपवावे. दोघादोघांच्या जोडीने घरोघरी जाऊन त्यांनी आजी-आजोबांशी बोलावे. नोंदवहीबरोबर धर्मग्रामाच्या दालनात एक कपाट ठेवून त्यात प्रत्येक उपलब्ध पुस्तकाच्या दोन प्रती ठेवाव्यात. एक वाचावयास देण्यासाठी व एक जपण्यासाठी. देवघेवीची जबाबदारी एका व्यक्तीवर असावी, म्हणजे पुस्तके परत येतात.

ह्यासाठी मोठी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. एक वही, एक कपाट आणि रविवारच्या मिसेनंतरचा अर्धा तास देणारी दोन माणसे पुरेत. येत्या आगमनकाळापूर्वी पडेगावातील व अन्य धर्मग्रामांतील भाविकांनी आपापल्या धर्मगुरूंशी बोलून ही नोंदवही सुरू करावी, अशी नम्र विनंती आहे. आपल्या घरी एखादी जुनी वही किंवा पुस्तिका असेल, तर पहिली नोंद तिचीच व्हावी.